भांड्यांवरची नावं

‘‘जीव घेऊन आली ना घरी, झालं तं मग. सामानाचं काय घेऊन बसली? सामान आज आहे, उद्या नाही.’’

२०१६ च्या दिवाळीनंतर मी एका पिशवीनिशी मुकुटबनला, माझ्या माहेरी परत आले, तेव्हा घरी येणारी प्रत्येक बाई हेच म्हणायची. काकू म्हणाली, मावशी म्हणाली, शेजारची आजी म्हणाली. सगळ्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता यात शंकाच नाही. मीही मान डोलवायची. पण रात्री अंथरुणावर पाठ टेकली, की डोळ्यांसमोर नवरा यायचा नाही. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू... शिलाई मशीन यायची.

मी का परत आले ते आज सांगत बसत नाही. ती कारणं कागदोपत्री आहेत, आणि वाचणाऱ्या पुष्कळ जणींना ती न सांगताही कळतील. आज सांगायचंय ते सामानाबद्दल. कारण नवरा सुटला, संसार मोडला याबद्दल लोक बोलतात, धीर देतात. सामानाबद्दल मात्र बोललं की बाई एकदम हलकी ठरते. ‘बघा, हिला नवऱ्यापेक्षा भांडीच प्यारी!’

माझी मशीन पायाची होती. बारावी झाल्यावर बाबांनी घेऊन दिलेली, शिलाईचा क्लासही तेव्हाच केलेला. सासरी पाच वर्षांत माझ्या स्वतःच्या हातात जे चार पैसे आले ते तिच्यावरच. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. ती मशीन तिकडं खोलीत, आणि मी इकडं भावाच्या घरी भाकरी मोजून खाणारी. वहिनी चांगली आहे हो, तिनं कधी शब्दानं दुखावलं नाही. पण आपलं आपल्याला समजतं.

दुसरी गोष्ट कागदांची. दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, टीसी, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सगळं आलमारीच्या आतल्या कप्प्यात. आलमारी माझी, म्हणजे आंदणात आलेली, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्याच हिवाळ्यात एका शाळेत कामाची जागा निघाली. अर्ज केला, पण कागद दाखवायच्या दिवशी माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. पुढं शाळेतून अमरावतीच्या विभागीय मंडळाकडं अर्ज करून मी मार्कलिस्टची दुसरी प्रत काढली. (असं करता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तुमच्यापैकी कोणाचे कागद असे अडकले असतील, तर आधी शाळेत जा.) जागा मात्र गेली ती गेलीच.

दादा म्हणाला, ‘‘गाडी करतो, चार पोरं घेतो अन् कुलूप तोडून आणतो सगळं.’’ बाबा म्हणाले, ‘‘आपण बैठक घेऊ.’’

बैठक झाली ती २०१७ च्या उन्हाळ्यात. दोन्हीकडचे मिळून वीसेक माणसं, बाया आत. चहा झाला, एकमेकांची उणीदुणी काढून झाली, आणि मग शंभराच्या स्टँपवर फारकतीचा कागद लिहिला. तो मला वाचायला दिला नाही, वाचून दाखवला. ‘लग्नातील सर्व सामान व दागिने परत मिळाले असून यापुढे उभयतांचे काहीही घेणे-देणे राहिले नाही...’ बाहेर अंगणात त्यांनी आणलेलं सामान ठेवलं होतं. एक दिवाण, एक कूलर, दोन गाद्या आणि पोत्यात थोडी भांडी.

मी पेन हातात घेतला होता. खरंच घेतला होता! बाबांचा चेहरा बघून सही करून टाकावी असं वाटत होतं. मग मी एवढंच विचारलं, ‘‘मशीन कुठाय?’’

कोणीच बोललं नाही. त्यांच्याकडचा एक म्हातारा हसला, ‘‘बाई, मोठमोठ्या गोष्टी मिटवून राहिलो आपण, अन् तू मशीन काय घेऊन बसली?’’

मी पेन खाली ठेवला. ते धाडस वगैरे काही नव्हतं. ‘सर्व मिळाले’ असं लिहिलंय आणि मिळालेलं नाही, मग सही कशी करायची, एवढाच विचार होता. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही आणि पुढं महिनाभर काका माझ्याशी बोलले नाहीत. आज वाटतं, ती सही झाली असती तर पुढं कोर्टात माझ्याच सहीचा कागद माझ्या तोंडावर फेकला गेला असता.

त्यानंतर एका ओळखीच्या अंगणवाडीताईंनी मला सांगितलं, की बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार ही सोय आहे, आणि बाईसाठी त्यात उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं साधा अर्ज द्यायचा. (आता तर १५१०० हा फोन नंबरही आहे.) एका कार्यालयात मात्र मला तीन चकरा मारायला लावल्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ हे वाक्य तुम्हालाही पाठ असेल. चौथ्या चकरेला वकीलबाई भेटल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याबद्दल नव्हता. ‘‘यादी आहे?’’

‘‘कशाची?’’

‘‘तुमच्या सामानाची. कोणी दिलं, केव्हा दिलं, वजन किती, आता कोणाच्या ताब्यात आहे.’’

मी म्हटलं, ‘‘सगळं आठवतं मला.’’

त्या म्हणाल्या, ‘‘कोर्टाला आठवत नाही ना, ताई.’’

मग त्यांनी मला स्त्रीधन समजावून सांगितलं. हा शब्द मी कीर्तनात ऐकला होता, पण तो कोर्टातही चालतो हे माहीत नव्हतं. लग्नाआधी, लग्नात, पाठवणीच्या वेळी आणि नंतरही बाईला माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मैत्रिणींनी, खुद्द नवऱ्यानं जे भेट दिलं ते तिचं. तिनं कमावून घेतलेलं तेही तिचंच. ते सासऱ्याच्या घरात ठेवलं म्हणून सासऱ्याचं होत नाही. ही कल्पना काही शहरातून किंवा परदेशातून आलेली नाही. आपल्याकडं नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीला (आजचं बसवकल्याण) विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली, तिच्यात स्त्रीधनाचा अर्थ चांगला ऐसपैस लावलेला आहे. जुन्या स्मृतीत नवऱ्याला एक सवलत होती. दुष्काळ, आजारपण, धर्मकार्य किंवा कैद अशा अडचणीत त्यानं ते वापरलं, तर परत करण्याची सक्ती नव्हती. माझ्या गळ्यातली पोत गहाण पडली ती यांतल्या कोणत्याच कारणानं नव्हे, तर दिराच्या दुकानाच्या पागडीसाठी. असो.

आपल्या देशात या विषयावरचा मोठा निकाल एका पंजाबी बाईमुळं झाला. तिचं नाव प्रतिभा राणी. लग्न १९७२ चं. काही वर्षांनी तिला मुलांसह घराबाहेर काढलं. दागिने, कपडे, भांडी सगळं तिकडंच. तिनं फिर्याद केली तर तिथल्या उच्च न्यायालयानं ती रद्द केली. कारण काय, तर बाई सासरी नांदायला गेली की तिच्या वस्तू दोघांच्या सामाईक होतात, मग नवऱ्यानं विश्वासघात केला असं म्हणता येत नाही! सर्वोच्च न्यायालयानं १२ मार्च १९८५ रोजी हे म्हणणं फेटाळलं. नवरा किंवा सासरचे हे फक्त सांभाळणारे, वस्तूची मालकीण बाईच. मागितल्यावर दिलं नाही तर तो गुन्हेगारी विश्वासघात. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंडविधानाच्या ४०६ कलमात होता. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

पण आमच्या वकीलबाईंनी फौजदारीचा रस्ता आधी धरला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला त्यांना आत टाकायचंय, की मशीन पाहिजे?’’

मी म्हटलं, ‘‘मशीन.’’

मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं अर्ज केला. हा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि सगळ्या धर्मांच्या बायांना आहे. लग्नासारखं एकत्र राहिलेल्या बाईलाही आहे. त्याच्या १९ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की दंडाधिकारी बाईचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या इतर वस्तू परत करायला सांगू शकतात, आणि त्यासाठी पोलिसांना मदतीला लावू शकतात. खटला चालू असताना ते सामान विकू नये, लॉकर उघडू नये, असाही हुकूम मागता येतो. आणि मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, आपण आता जिथं राहतो तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. नवऱ्याच्या गावी तारखांना जायची गरज नाही. संरक्षण अधिकारी म्हणून एक सरकारी बाई असतात, त्या घटनेचा अहवाल भरून देतात.

आता यादी! आठ दिवस घरात तेच काम चाललं होतं. माझं लग्न २०११ च्या मे महिन्यातलं. त्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. तुम्हाला आठवत असेल, क्विंटलला सहा-सात हजारांवर गेला होता. म्हणून तर बाबांनी साडेतीन तोळे घातले. वणीच्या सराफाचं बिल बाबांच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, कापसाच्या पट्ट्यांमध्ये घडी करून ठेवलेलं. एकदाणी, पोत, झुमके, प्रत्येकाचं वजन लिहिलेलं. आईनं आहेराची वही शोधून काढली. ‘वर्धेची आत्या, परात १. धाकटे मामा, गुंड १, गंज २.’ ती वही लिहिली तेव्हा कोणाला वाटलं होतं, की ती कधी कोर्टात जाईल म्हणून? लग्नाची सीडी घासून घासून खराब झालेली. चार ठिकाणी फिरवली, शेवटी एका स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर चालली. त्यातून दागिने दिसतील असे फोटो काढून घेतले.

मोटारसायकल लिहायची की नाही यावर घरात वाद झाला. ती त्यांनी मागून घेतली होती, म्हणजे सरळ हुंडाच. बाबा घाबरले, ‘‘हुंडा देल्ला असं लिवलं तर आपणच आत जाऊ.’’ वकीलबाईंनी सांगितलं, की १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात जिच्यावर अन्याय झाला तिच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. शिवाय हुंडा म्हणून जे घेतलं ते तीन महिन्यांत बाईच्या नावे केलं पाहिजे, तोवर तो तिचा ठेवा, असंही त्याच कायद्यात आहे. मोटारसायकल लिहिली. मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. ती तोवर दोनदा विकली गेली होती. जावयाला हौसेनं घातलेली अंगठी मात्र आम्ही मागितली नाही. दिली ती दिली.

कोर्टात त्यांच्याकडून उत्तर आलं, की लग्नात सोनं घातलंच नव्हतं, आलमारी त्यांचीच, भांडीही त्यांचीच. मला त्या दिवशी रडू कोसळलं. सोन्यासाठी नव्हे. माझ्या बाबांनी काही घातलंच नाही, असं कागदावर लिहिलेलं वाचून. वकीलबाई मात्र हळूच म्हणाल्या, ‘‘भांडी त्यांची आहेत म्हणतात ना? मग भांड्यांवर नाव कोणाचं आहे?’’

आपल्याकडं लग्नाची भांडी घेतली की दुकानातच त्यावर नावं टाकून घेतात. तो मनुष्य कर्रर्र आवाज करत मशीननं कोरतो, आपण शेजारी उभं राहून अक्षरं सांगतो. माझ्या प्रत्येक भांड्यावर माझं नाव, देणाऱ्याचं नाव आणि तारीख होती. हल्लीच्या मुली याला गावंढळ म्हणतात, लग्नात भांडीच नको म्हणतात. त्यांचं बरोबरही असेल. मला मात्र त्या कर्रर्र आवाजानं वाचवलं.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. माझ्या प्रकरणाला चौदा महिने लागले. एसटीचं भाडं, बाबांची मजुरी बुडणं, ‘आज साहेब रजेवर आहेत’, हे सगळं धरून चौदा महिने. कंटाळून दोनदा सोडून द्यायचं ठरवलं होतं, हेही खरं.

उशिरानं जाग आलेल्या बायांसाठी एक गोष्ट इथंच सांगते. त्रिपुरातल्या कृष्णा भट्टाचार्य यांचा अर्ज खाली मुदतीच्या कारणावरून फेटाळला गेला होता. शिवाय त्या कायद्यानं विभक्त झालेल्या होत्या. २० नोव्हेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्त्रीधन अडवून ठेवणं हा रोज चालूच राहणारा अन्याय आहे, वस्तू परत मिळेपर्यंत तो संपत नाही. आणि ज्यांच्याकडं बिल-पावती काहीच नाही त्यांच्यासाठी केरळची गोष्ट. २००३ चं लग्न, बाईचे ८९ पवन, म्हणजे सत्तर तोळ्यांच्या वर सोनं. पहिल्याच रात्री नवऱ्यानं ‘जपून ठेवतो’ म्हणून आईकडं दिलं, आणि ते गेलं. कुटुंब न्यायालयानं बाईच्या बाजूनं दिलं, उच्च न्यायालयानं पुरावा पुरेसा नाही म्हणून फिरवलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये तिला २५ लाख रुपये द्यायला लावले. नवरा-बायकोचं नातं विश्वासाचं असतं, तिथं खुनाच्या खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागायचा नसतो, कोणाचं म्हणणं जास्त संभवतं ते पाहायचं. बरोबरच आहे. पहिल्या रात्री नवऱ्याकडून पावती कोण घेईल?

तरीही यादी असलेली बरी. १९८५ च्या नियमांप्रमाणे तर लग्नातल्या भेटींची यादी करायचीच आहे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव-नातं आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. आजवर मी पन्नास तरी लग्नं जेवले असेन, अशी यादी एकाही मांडवात पाहिली नाही. आणि सोनं लिहाल तेव्हा किंमत लिहून थांबू नका, वजन लिहा. माझ्या बिलावरचा भाव आणि आजचा लाखाच्या वर गेलेला भाव यांत किती फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको.

सामान आणायला गेलो ती २०१८ ची डिसेंबरची सकाळ होती. हुकूम हातात, सोबत दोन पोलीस, त्यातल्या एक बाई. दादा, मी आणि भाड्याचा टेम्पो. दादाला बाहेरच थांबायला सांगितलं होतं. त्याचं डोकं तापतं, आणि कुलपाला हात लागला असता तर उलट आमच्यावरच चोरीची तक्रार झाली असती.

मशीन माडीवर होती, पोत्याखाली. वरचं डोकं शाबूत, पट्टा तुटलेला, बॉबिन केस गायब. आलमारी मिळाली. तिच्यातले कागद मिळाले, पासबुक सोडून. एकदाणी आणि झुमके पंचांसमोर तोलून घेतले. पोत गेली होती. तिच्या पैशांचे हप्ते ठरले, त्यातला शेवटचा आजही यायचा आहे.

मग स्वयंपाकघर. पोलीसबाई फळीवरचं एकेक भांडं उतरवायच्या, नाव मोठ्यानं वाचायच्या, आणि मी यादीत खूण करायची. ‘‘धाकटे मामा.’’ ‘‘वर्धेची आत्या.’’ ‘‘सप्रेम भेट, वर्गमैत्रिणी, बारावी.’’ सासूबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मधेच एक पितळी गुंड निघाला, जुना, काळपट पडलेला. पोलीसबाईंना अक्षरं लागेनात. त्यांनी पदरानं पुसून वाचलं. नाव सासूबाईंचं होतं, माहेरचं, आणि खाली तारीख १९७९ ची.

सासूबाई उठल्या. ‘‘थो नका नेऊ. माह्या बापानं देल्ला,’’ म्हणाल्या, आणि गुंड पोटाशी धरून मागच्या खोलीत गेल्या. पाच वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले, रोज त्याच गुंडानं पाणी भरलं, पण त्यावर नाव आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

गावात परत आल्यावर एक वेगळाच विषय निघाला. काका म्हणाले, सोनं बापाच्या कापसाचं, तर पोतीचे पैसे बापाकडं जावे. दादाला शेतातल्या मोटारीसाठी गरज होती. बाबा गप्प. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका वडिलांचं प्रकरण आलं. मुलीचा घटस्फोट झालेला, तिचं दुसरं लग्नही झालेलं, आणि वडिलांनी तिच्या जुन्या सासरकडून दागिने परत मागण्यासाठी फिर्याद केलेली. न्यायालयानं सांगितलं, की मुलीनं अधिकार दिल्याशिवाय बापालाही तिच्या स्त्रीधनावर हक्क सांगता येत नाही. नवऱ्याचं नाही ते बापाचंही नाही. आमच्याकडं एवढं ताणलं नाही. पहिल्या हप्त्यातले दहा हजार मी दादाला दिले, उसने म्हणून, आणि आहेराच्या त्याच वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले. वहिनी हसली. दादा थोडा रुसला. तीन वर्षांनी त्यानं ते फेडले.

मशीनला नवा पट्टा आणि बॉबिन केस वणीहून आणली. पहिला ब्लाऊज शिवला तो वहिनीचा, पैसे घेतले नाहीत. दुसरा शेजारच्या आजीचा. ‘सामानाचं काय घेऊन बसली’ म्हणणारी तीच आजी.

‘‘किती झाले?’’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, ‘‘साठ रुपये.’’

‘‘आपल्या माणसाकडून पन्नास घे,’’ म्हणाली.

मी साठच घेतले.